न विचारणारा डोंगरराजा

रेक्याविक, ९ जून १९८३

प्रिय ओद्नी,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. खरं म्हणजे हे पत्र वेदीसच्या हातीच द्यायचं होतं. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी नात बसमध्ये चढली, बस वळणाआड गेली आणि पत्र माझ्या कोटाच्या खिशातच राहिलं. मग ते तसंच पाठवावं की सुधारून पाठवावं, या विचारात आठवडा गेला. मी चार हिवाळे शिकलेला माणूस, तेही फिरत्या मास्तरांकडे. थोडक्यात लिहिणं मला जमत नाही.

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. तुमच्या खोऱ्यातला फोन म्हणजे चावडी. एकाच तारेवर सगळी शेतघरं. तुझ्याकडे घंटी वाजली की घरोघरी कान लागतात. नातीच्या दम्याची चर्चा मला चावडीवर करायची नाही.

तर नीट वाच, आणि तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव. तिच्या पिशवीत तोंडाने ओढायच्या औषधाचे दोन पंप आहेत, एक निळा आणि एक तपकिरी. निळा छाती आवळली की घ्यायचा, त्याने लगेच मोकळं वाटतं. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, अगदी ठणठणीत वाटत असलं तरी, आणि नंतर चूळ भरायची. तो घेतल्यावर लगेच काही वाटत नाही, म्हणूनच ही पोर तो टाळते. गेल्या हिवाळ्यात टाळला आणि फेब्रुवारीत इस्पितळात न्यावं लागलं. ती आत तोंडावर मास्क लावून, आणि मी बाहेर टोपी पिळत बसलेलो. सायुन तेव्हा बोटीवर होती. लेकीचा बोटीवर स्वयंपाक आणि बापाच्या गळ्यात नात, असं आमचं चाललेलं असतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण तो दिवस पुन्हा नको.

तेव्हा तिला गवताच्या कोठारात जाऊ देऊ नकोस. घोड्यावर बसवू नकोस. मोजे ओले राहू देऊ नकोस. मांजर अंथरुणात घेऊ देऊ नकोस. आणि थंड वाऱ्यात तोंड उघडून हसू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
एयविंदूर


ब्रेक्का, २१ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र केतिलला वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मग पोरीला फडताळात ठेवूया. चांगल्या कपांशेजारी."

वेदीस छान आहे. सुकी मासळी लोण्याला लावून खाते की लोणी मासळीला लावून, हे मला अजून कळलेलं नाही, इतकं लोणी संपतं. घोड्याचं म्हणशील, तर तुझं पत्र येईपर्यंत ती घोड्यावर बसली होती. आमच्या म्योल घोडीवर. म्योल म्हातारी आहे, तुझ्यासारखीच प्रत्येक दगडाला घाबरते, त्यामुळे निर्धास्त राहा. मांजराला तुझं म्हणणं सांगितलं, त्याला पटलं नाही.

पंपाचं विचारलं. "घेतेस ना गं?" तर "हो" म्हणाली.

आता एक गोष्ट सांगते, आरडाओरडा करू नकोस. सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या उतरवायच्या. ज्याच्या जितक्या मेंढ्या, त्या मानाने स्वार त्याने द्यायचे, हे तुला ठाऊक आहे. आमचा आर्नकेल यंदा मासेमारीच्या जहाजावर गेलाय, शरद संपेपर्यंत येत नाही. म्हणजे आम्हाला एक माणूस कमी पडतो. परवा जेवताना हे बोलणं चाललं होतं, तर वेदीस म्हणाली, "मी येते." मी केतिलकडे बघितलं. खोऱ्याचा डोंगरराजा तो, सगळ्या स्वारांचा म्होरक्या, उतरवणीच्या दिवसांत त्याच्या शब्दापुढे पाद्रीसुद्धा बोलत नाही. पण तो नुसता बटाटा सोलत राहिला आणि म्हणाला, "एयविंदूरला विचारा."

म्हणून विचारते.

तुझी,
ओद्नी


रेक्याविक, २ जुलै

प्रिय ओद्नी,

नाही, नाही आणि नाही.

आणि तो "हो" मला ठाऊक आहे. घरी मी रोज न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून विचारायचो, "घेतलंस का?" आतून आवाज यायचा, "हो आजोबा." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी समाधानाने पेपर वाचायला बसायचो. फेब्रुवारीत इस्पितळातल्या नर्सने तिचा तपकिरी पंप हलवून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. पंप भरलेला होता, ओद्नी. सगळा हिवाळा मी एका दाराशी बोलत होतो.

म्हणून तू समोर उभी राहा. तिने औषध ओढलेलं डोळ्यांनी बघ. चूळ भरलेली बघ. मग तोंड उघडून दाखवायला सांग.

डोंगराचं नाव काढू नकोस. तिथे मुक्कामाच्या झोपडीपासून गाडीरस्ता किती लांब आहे, हे मी विसरलेलो नाही. आणि केतिलला सांग की मी त्याला नाही म्हटलेलं नाही, डोंगराला नाही म्हटलंय.

तिची पत्रं फार लहान येतात. घरची आठवण काढून रडते का?

एयविंदूर


ब्रेक्का, १५ जुलै

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र ओद्नीआजीने मला दाखवलं नाही. पण वाचताना तिचा चेहरा मी बघितला, त्यावरून सगळं कळलं.

मी रडत नाही. पत्रं लहान असतात कारण मला वेळ नसतो. सकाळी गाई, मग कुंपणाच्या तारा, मग म्योलचे खूर, मग ओद्नीआजीचे रुबार्बचे आंबट देठ कापायचे. ती मुरांबा इतका करते की माझ्या नातवंडांनाही पुरेल. शेजारच्या शेतावरचा स्तुर्ला कामाला येतो. तो माझ्याच वयाचा आहे आणि स्वतःला केवढा समजतो! म्हणतो, शहरातल्या मुलींना डोंगर म्हणजे पोस्टकार्ड. मी म्हटलं, "आणि तुला शहर म्हणजे काय रे?" तर म्हणाला, "दातांचा डॉक्टर." तो उतरवणीला जाणार आहे.

माझी छाती एकदम छान आहे. इथली हवाच औषध आहे. निळा पंप क्वचित लागतो. तपकिरीचं विचाराल, तर तो आहे. खरं सांगू का, तो शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासारखा आहे. येतो, जातो, काही घडत नाही.

मला डोंगरावर जाऊ द्या ना. केतिलआजोबा काहीच बोलत नाहीत, पण काल त्यांनी मला आर्नकेलचं खोगीर तेल लावायला दिलं.

तुमची,
वेदीस


ब्रेक्का, ८ ऑगस्ट

प्रिय दादा,

हे पत्र बसून वाच. आधी एवढं वाच, की वेदीस आता बरी आहे, माझ्यासमोर बसून मटार सोलतेय आणि सोललेले अर्धे खातेय.

जुलै संपता संपता गवत आत आणायचं चाललं होतं. चांगलं ऊन होतं, पण त्या दुपारी फ्योर्डच्या खाडीवर ढग आला. सगळे धावत होते. तिला मी बाहेर दाताळ्याने गवत ओढायला ठेवलं होतं, कोठारात जायचं नाही असं बजावलं होतं. स्तुर्ला आत गवत तुडवत होता. त्याने वरून काहीतरी म्हटलं असणार, पोस्टकार्ड वगैरे. ही चढली आत. आतली धूळ तुला माहीत आहे. थोड्या वेळाने बाहेर आली ती भिंतीला हात लावून, खांदे वर ओढलेले, शब्द फुटत नव्हता. निळा पंप घेतला, परत घेतला, परत घेतला, उतार पडेना. केतिलने ट्रॅक्टर चालू ठेवूनच उडी मारली, तिला जीपमध्ये घातलं आणि गावात डॉक्टरबाईंकडे नेलं. गवत मळ्यातच राहिलं आणि त्यावर पाऊस पडला. त्या गवताबद्दल तो आजवर एक शब्द बोललेला नाही, यावरून काय ते समज.

तिथे वाफेचं औषध दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. मी तिचे कपडे भरायला गेले तर तपकिरी पंप तिच्या रबरी बुटात, मोज्यात खुपसलेला सापडला. आला तसाच भरलेला. तू म्हणालास तसं मी तोंड उघडायला लावलं नव्हतं. मला ते बरं वाटलं नाही. मी विश्वास ठेवला. चूक माझी.

तुला फोन केला नाही, कारण तू पहिली बस धरली असतीस आणि वाटेतच तुला काहीतरी झालं असतं. डॉक्टरबाईंना मात्र फोन करावाच लागला. त्यामुळे संध्याकाळपर्यंत तीन घरांतून पातळ केक आले, मुरांब्यासकट. चावडीचा एवढा तरी फायदा.

डॉक्टरबाईंनी तिला छातीतल्या नळ्यांचं चित्र काढून समजावलं. ती मान हलवत होती, वर्गात हलवतात तशी. परत येताना जीपमध्ये केतिलने विचारलं, "कुंपण कधी दुरुस्त करतात?"

"वसंतात," वेदीस म्हणाली.

"मेंढ्या पळाल्यावर?"

"छे, आधी."

"आणि पळाल्यावर?"

"कुत्रं सोडतात."

"निळा म्हणजे कुत्रं," केतिल म्हणाला. "चांगलं आहे कुत्रं. पण कुंपणच नसलं तर एकटं कुत्रं धावून धावून मरतं."

दादा, एवढं सलग तो आमच्या लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट ऐक. आमच्याकडे माशाच्या तेलाची बाटली खिडकीत असते, आणि सकाळी चमचाभर तेल पोटात गेल्याशिवाय कुणाला कॉफी मिळत नाही, आईने लावलेली शिस्त. केतिलने वेदीसचा तपकिरी पंप त्या बाटलीशेजारी ठेवला. मग आपला चमचा भरला आणि तोंडाशी नेलाच नाही. हातात धरून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, पी की." स्तुर्ला न्याहरीला आला होता, तो कुरकुरला, "माझी कॉफी थंड होतेय. थांबलोय कशासाठी आपण?" चमच्यातलं तेल हलतही नव्हतं. शेवटी पोरीच्या लक्षात आलं. कानांपर्यंत लाल झाली. उठली, पंप हलवला, ओढला, श्वास धरला, चूळ भरली. मग केतिलने तेल गिळलं आणि म्हणाला, "कॉफी."

त्या दिवसापासून रोज असंच. संध्याकाळी जेवायला बसताना सुरी हातात घेऊन थांबतो. अजून एकदाही विचारलेलं नाही.

तुझी,
ओद्नी


रेक्याविक, १३ ऑगस्ट

ओद्नी,

तिला पुढच्या बसने पाठव.

वाचता वाचता कॉफी सांडली, हा डाग त्याचाच. विश्वास ठेवलास म्हणतेस. विश्वास ठेवायला ती काय बँक आहे? चौदा वर्षांची पोर आहे! आणि इतके दिवस तू गप्प राहिलीस. मी इथे शेजारणीला सांगत फिरतोय की पोर गावाकडे लोणी खाऊन गुटगुटीत झाली, आणि ती तिकडे भिंत धरून उभी.

केतिलने गवत भिजू दिलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, हे त्याला सांग. पण त्याचा चमचा त्याच्यापाशी राहू दे. डोंगरावर जीप जात नाही. धुकं उतरलं की स्वतःच्या घोड्याचे कान दिसत नाहीत. तिथे तिची छाती भरली तर तो काय करणार? कुंपणाच्या गोष्टी सांगणार?

तिकीट काढ. बसच्या वेळेला मी थांब्यावर असेन.

एयविंदूर


ब्रेक्का, २० ऑगस्ट

प्रिय आजोबा,

ओद्नीआजीने तिकीट काढलेलं नाही. म्हणाली, "आधी तू स्वतः लिही, मग बघू."

जूनमध्ये इथे आले तेव्हा इतकं बरं वाटत होतं की मला वाटलं, दमा शहरातच राहिला. म्हणून तपकिरी पंप ठेवून दिला, हिवाळ्यासाठी. तुम्हाला "घेते" असं लिहिलं नाही, "तो आहे" असं लिहिलं. लिहिताना स्वतःवर खूश होते. आता वाटतं, ते खोटं बोलण्यापेक्षाही वाईट होतं.

आणि घरचंही सांगते. तुम्ही दाराबाहेरून विचारायचात तेव्हा मी नळ सोडायचे आणि "हो" म्हणायचे. तुमचा आवाज असा असायचा, जणू मी आत्ताच मरणार आहे. मला वाटायचं, औषध न घेताही मला काही झालं नाही, तर तुमची भीती खोटी ठरेल. मग तुम्हीही निवांत व्हाल आणि मीही. कोठारातून बाहेर आले तेव्हा पहिला विचार हाच आला, की आजोबांचं खरं होतं. दुसरा विचार आलाच नाही, कारण श्वास येत नव्हता.

पहिले काही दिवस मला वाटलं, केतिलआजोबा मला सगळ्यांसमोर लाजवतायत. मग बघितलं की ते सगळ्यांसाठीच असे थांबतात. वासराचं दूध पिऊन होईपर्यंत थांबतात. ओद्नीआजीचं बोलून होईपर्यंतसुद्धा थांबतात, आणि त्याला काय लागतं तुम्हाला माहीत आहे. आता मी उठल्याबरोबर खिडकीशी जाते, कारण त्यांचा हात दुखेल. आणि कालपासून आधी पंप घेते आणि मग त्यांना चमचा भरून देते.

आता रोज घेतेय. घरामागच्या टेकडीवर परवा स्तुर्लाबरोबर पळत गेले. तो मागे राहिला. म्हणतो, बूट नवे होते.

तुम्ही ये म्हणालात तर मी येईन. रुसणार नाही. पण येताना सगळी वाट मागे बघत येईन.

वेदीस


रेक्याविक, २९ ऑगस्ट

चि. वेदीस,

तुझं पत्र घेऊन मी दवाखान्यात गेलो, त्याच नर्सबाईंकडे. मनात होतं, त्या "अजिबात नाही" म्हणतील आणि मला ते तुला कळवता येईल. त्यांनी पत्र वाचलं, मधेच हसल्या, आणि म्हणाल्या, "तपकिरी रोज घेतेय ना? धुळीपासून लांब राहतेय ना? मग जाऊ द्या. निळे दोन द्या, एक तिच्याकडे आणि एक म्होरक्याकडे. आणि कोटाच्या आत अंगालगत ठेवा, गारठ्यात पंप नीट काम करत नाही."

मी म्हटलं, "आणि काही झालं तर?"

त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमची छाती कशी आहे?"

मी म्हटलं, "धडधडते."

म्हणाल्या, "त्याला आमच्याकडे पंप नाही."

तर जा. हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली, म्हणून पुन्हा लिहीत नाही. शाळेला मी चिठ्ठी दिली आहे. हेडमास्तर म्हणाले, उतरवणीला जाणाऱ्या पोरांना ते अडवत नाहीत, त्यांचा स्वतःचा पोरगाही जाणार आहे.

नळाचं वाचून वाईट वाटलं. मला वाटायचं, मी विचारतो म्हणून तू घेतेस. तू परत आलीस की मी दाराबाहेर उभा राहणार नाही. प्रयत्न करीन, असं म्हणतो. वचन देत नाही, कारण मोडलं तर तू म्हणशील, आजोबाही तसलेच.

बसच्या ड्रायव्हरकडे पुडकं दिलंय. त्यात दोन नवे निळे पंप आहेत, लोकरी मोज्यांत गुंडाळलेले. मोजेही वापरायचे आहेत. झोपडीत शेकोटीच्या धुराच्या बाजूला बसू नकोस. केतिलच्या नजरेबाहेर जाऊ नकोस. आवळल्यासारखं वाटलं की लपवू नकोस, हे एवढं एकच लक्षात ठेवलंस तरी चालेल. बाकीचंही ठेव.

तुझा,
आजोबा


ब्रेक्का, २० सप्टेंबर

एयविंदूर,

मी पत्रं लिहीत नाही. ओद्नी म्हणाली, डोंगरावर मी नव्हते, तूच लिही.

सगळे परत आलो. वेदीस बरी आहे. आधी हे लिहायला सांगितलं होतं.

पहिला दिवस स्वच्छ गेला. झोपडीत मुक्काम केला. सकाळी मी तेलाची बाटली खिडकीत ठेवली, वेदीसने शेजारी पंप ठेवला. खोऱ्यातले सगळे स्वार होते. मी चमचा धरून थांबलो, तेव्हा तेही थांबले. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण डोंगरावर मी थांबलो की थांबावं लागतं. तिने सगळ्यांसमोर औषध घेतलं.

हलीद शेतावरचा ब्रांदूर तुम्हाला आठवत असेल. साठीचा, एकटा राहतो. दर शरदात खोकतो आणि विचारलं की म्हणतो, तपकीर चढली. तो उठून बाहेर गेला. खोगिराच्या पिशवीतून काहीतरी घेऊन आला आणि खिडकीत ठेवलं. तसाच तपकिरी पंप. म्हणाला, "डॉक्टरबाईंनी कधीचा दिलाय. धीर झाला नाही." स्तुर्ला हसणार होता. मी बघितलं, मग हसला नाही. ब्रांदूरला कसं ओढायचं तेच माहीत नव्हतं. वेदीसने शिकवलं. "काका, फुंकर मारायची नाही, आत घ्यायचं. शिंग नाहीये ते." मग सगळे हसले, ब्रांदूर पहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं आलं, वर भुरभुर बर्फ. स्वारांची ओळ पसरलेली होती, वेदीस उजव्या टोकाला. तिकडून हाक आली, "केतिलआजोबा, थांबा! माझी छाती आवळतेय!" मोठ्याने ओरडली. सगळ्या ओळीने ऐकलं. मी ओळ थांबवली आणि तिच्याकडे गेलो. तिने निळा पंप कोटाच्या आतून काढून घेतलेला होता, खाली उतरून दगडावर बसली होती. मीही बसलो. ओठांचा रंग ठीक होता. काही वेळाने पुन्हा एकदा घेतला. मग म्हणाली, "चला." मी आणखी थोडा वेळ बसलो. मग म्हटलं, "आता चल." पुढे तिला माझ्या शेजारी ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती परत टोकाला गेली.

थांबलो तेवढ्यात काही मेंढ्या निसटल्या. दुसऱ्या फेरीत मिळतील.

बायाबापड्यांना वाटतं, डोंगरावर मी धुक्याला भितो. मी न सांगणाऱ्यांना भितो. पाय मुरगळला तरी न सांगणारे, बोटं बधिर झाली तरी न सांगणारे, ते मागे राहतात आणि मग त्यांना शोधायला माणसं जातात. वेळेवर ओरडणारा मला दोन माणसांच्या बरोबरीचा. पुढच्या वर्षी मला ती हवी. आर्नकेल असला तरी. तुमची परवानगी आत्ताच मागून ठेवतो.

केतिल


रेक्याविक, ३० ऑक्टोबर

प्रिय ओद्नी,

केतिलचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की ते घडीवर फाटलं. त्याला सांग, परवानगी दिली. नंतर मी मागे घ्यायला लागलो तर वेदीसने त्याला कळवावं.

पोर अर्धं कोकरू, रक्ताचे सॉसेज आणि अंगाला घोड्याचा वास घेऊन आली. वास उतरला, बाकीचं अजून खातोय. या महिन्यात शाळेत सर्दीची साथ आली, तिलाही झाली. सर्दी म्हटलं की पुढे काय होतं हे मला पाठ आहे. मी तिचा झोपायचा सदरा, ब्रश, सगळं पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली आणि कोट घालूनच खुर्चीत बसलो. ती खोकली, निळा घेतला, सूप प्यायली आणि मला म्हणाली, "आजोबा, कोट काढा, उकडेल." दोन-चार दिवसांत दप्तर घेऊन शाळेत गेली. इस्पितळाच्या दिशेने गेलीच नाही. मी पिशवी रिकामी केली. त्यात माझेच मोजे जास्त निघाले. नर्सबाईंनी छाती ऐकली आणि म्हणाल्या, "असाच आवाज हवा." मलाही ऐकू दिलं. काही ऐकू आलं नाही. म्हणाल्या, तेच चांगलं.

मी विचारत नाही. तिच्या औषधाच्या वेळेला मी घराबाहेर पडतो आणि गल्लीत एक चक्कर मारतो, म्हणजे तोंडातून शब्द निघायला नको. शेजारीण परवा बारीक आवाजात म्हणाली, "एयविंदूर, चोरून कुत्रं पाळलंत की काय?" शहरात कुत्र्याला बंदी, त्यामुळे ती माझ्यावर पाळत ठेवून आहे. ठेवू दे.

मी परत येतो तेव्हा वेदीस कॉफी गाळत असते, आणि कधी कधी गुणगुणत असते. ओद्नी, गुणगुणायला श्वास लागतो. मी दारात बूट काढायला उगाच वेळ लावतो.

तर इकडे सगळं ठीक आहे. पण आता मला ब्रांदूरची काळजी लागली आहे. साठीचा एकटा माणूस, न्याहरीला समोर कुणी नाही. डोंगरावर सगळ्यांच्या देखत घेतलं ते ठीक, घरी घेतो का? इथे कालपासून उत्तरेचा वारा आहे, म्हणजे तुमच्याकडे बर्फ पडत असणार आणि तो असल्या हवेत मेंढ्यांना गवत घालायला कोठारात जात असणार. त्या धुळीत. तोंडाला फडकं बांधतो का? नसणारच बांधत. आमची वेदीसबाई माझ्याकडे बघून हसते. म्हणते, "आजोबा, माझी छाती मोकळी झाली म्हणून आता ब्रांदूरकाकांची धरलीत का?" हसू दे तिला, थंड वाऱ्यातसुद्धा हसू दे.

केतिलला म्हणावं, सकाळची कॉफी अधूनमधून हलीदला जाऊन घे. वाट वाकडी करून जावं लागतं हे मला माहीत आहे. मी लिहिलं म्हणून आलोय, असं सांगायचं नाही. आणि ब्रांदूरचा खोकला कसा आहे, रात्रीचा उठून बसावं लागतं का, एवढं मला लवकर कळव. फार वाट बघायला लावू नकोस. पुढच्या टपालाने चार ओळी आल्या तरी पुरे.

तुझा भाऊ,
एयविंदूर